आतून लावायची कडी : प्रस्तावना

मुलांना विचारलं, तुम्हाला खेळायला काय हवं, तर मुलं झोका आणि घसरगुंडी सांगतात. गेली कित्येक वर्षं मी हा प्रश्न शाळांत, वस्त्यांत, सोसायट्यांच्या आवारात विचारत आले आणि पहिलं उत्तर बहुतेक वेळा हेच आलं. कागद आणि खडू दिले तर चित्रातही तेच. एक झोका, एक घसरगुंडी, कोपऱ्यात डोंगराआडून येणारा सूर्य, आणि शाळेचं चित्र असेल तर मधोमध झेंडा. सुरुवातीला मी या चित्रांचे गठ्ठे जपून ठेवत असे आणि मुलांना काय हवं ते आपल्याला कळलं, असं समजत असे. ती माझी चूक होती. मुलांनी जे पाहिलं होतं तेच ती काढत होती. ज्या मुलाने बागेत या दोनच वस्तू पाहिल्या, ते बाग म्हटल्यावर दुसरं काय काढणार? शिवाय मोठ्या माणसाकडे काय मागितलं तर मिळतं, याचा अंदाज मुलांना फार लवकर येतो. त्यापलीकडचं ती मागतच नाहीत.

माझे डोळे उघडले ते मावळातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत. पुढच्या मैदानात नवी कोरी घसरगुंडी उभी होती. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती पहिलीदुसरीची पाचसहा मुलं, बाकी मैदान ओस. सगळी शाळा पाण्याच्या टाकीमागे. तिथे वर्गाच्या दुरुस्तीतून उरलेला वाळूचा ढीग होता. पायावर ओली वाळू थापून हलकेच पाय काढून घेतलेले खोपे, एका खोप्यातून दुसऱ्यात जाणारे बोगदे, तुटक्या कौलाचं फावडं, करवंटीची बादली. एका बोगद्याच्या तोंडाशी एक मुलगा आडवी काठी धरून बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून दोन दोन चिंचोके टोल घेत होता. एक्स्प्रेस-वे तिथून फार लांब नाही. मी पुढचे काही दिवस नुसती बसून पाहत राहिले. मला चित्रात जे कुणी सांगितलं नव्हतं, ते टाकीमागे रोज चाललं होतं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा ढीग नव्हता. तपासणी होती म्हणून आवार स्वच्छ केलं होतं.

हे पुस्तक त्या हलवलेल्या ढिगाच्या बाजूने उभं आहे. लेखिका दोघीही या कामातल्या माझ्या धाकट्या सहकारी. शाळा, सोसायटी किंवा ग्रामपंचायत यांना खेळाची जागा करायची असेल तर ती मुलांच्या मनातून कशी उभी करावी, हे त्यांनी इथे अनुभवाने सांगितलं आहे. माझ्याकडे त्यांनी चार शब्द मागितले. मी जरा जास्त लिहिते आहे, कारण या विषयाला मोठा इतिहास आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला गेलेला नाही.

टाकीमागे डोकावून पाहणारा एक माणूस डेन्मार्कमध्ये होऊन गेला. कार्ल थिओडोर सोरेन्सन हे उद्यानं आखणारे रचनाकार. आपण आखलेली नेटकी क्रीडांगणं सोडून मुलं बांधकामाच्या जागी, भंगार पडलेल्या आवारात जाऊन रमतात, हे त्यांनी पाहिलं. दुसरा कुणी असता तर त्याने त्या आवारांना कुंपण घालायला सांगितलं असतं. सोरेन्सन यांनी १९३१ साली आपल्या पुस्तकात उलट सूचना केली, की मुलांना जुन्या मोटारी, खोकी आणि लाकडं घेऊन खेळता येईल अशा जागा मुद्दाम कराव्यात. ती सूचना बारा वर्षं कागदावर राहिली. १९४३ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या एमड्रुप भागात, कामगारांच्या सहकारी वसाहतीला लागून, तसं पहिलं मैदान उघडलं. तेव्हा डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता.

त्या मैदानात झोका नव्हता, घसरगुंडीही नव्हती. फळकुटं, विटा, दोर, चाकं, खिळे, हातोड्या, कुदळी होत्या. मुलांनी खड्डे खणले, भुयारं केली, घरं बांधली, पाडली, पुन्हा बांधली. डॅनिश भाषेत त्या जागेचं जे नाव पडलं, त्याला मराठीत मी अडगळीचं मैदान म्हणेन. अडगळ हा आपल्याकडे चांगला शब्द आहे. माळ्यावरच्या अडगळीत एक दुपार काढलेल्या कुणालाही तो कळेल.

सोरेन्सन यांनी तिथे काहीच आखलं नाही, असं समजून आपल्याकडे काही उत्साही मंडळी नुसती मोकळी जागा सोडून मोकळी होतात, म्हणून इथे थोडं थांबते. त्यांनी दोन गोष्टी फार विचार करून केल्या. मैदानाभोवती मातीचा उंच बांध घातला आणि त्यावर कुंपण केलं. बाहेरून जाणाऱ्याला आतलं दिसत नसे, आतल्या मुलाला बाहेरचं शहर दिसत नसे. दुसरं म्हणजे तिथे एक माणूस नेमला गेला. जॉन बर्टेलसन हे पहिले. जहाजावर काम केलेले आणि बालवाडी शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलेले. मुलांना काय करा हे सांगणं हे त्यांचं काम नव्हतं. सामान आणायचं, हत्यारं सांभाळायची, मागितली तर मदत द्यायची, भांडण हाताबाहेर जाईल तेव्हाच मध्ये पडायचं. बांध आणि माणूस, यांतलं एक जरी काढलं तरी ते मैदान उकिरडा झालं असतं. सोरेन्सन यांनी पुढे म्हणून ठेवलं आहे, की त्यांच्या हातून झालेल्या कामांत हे दिसायला सर्वांत कुरूप, पण त्यांच्या लेखी तेच सर्वांत सुंदर. आयुष्यभर देखण्या बागा आखलेल्या माणसाचे हे शब्द आहेत. मला ते प्रत्येक टेंडरच्या पहिल्या पानावर छापावेसे वाटतात.

१९४६ साली इंग्लंडच्या लेडी अ‍ॅलन यांनी एमड्रुप पाहिलं. त्याही बागांच्या रचनाकार. बॉम्बनी पडलेल्या इमारतींच्या जागा लंडनमध्ये जागोजागी होत्या आणि मुलं तिथे खेळतच होती. त्या जागा मुलांना रीतसर द्या, असं त्यांनी लिहिलं, भांडून अशी मैदानं उभी केली, आणि पुढे अपंग मुलांसाठीही तशीच जागा करून घेतली. चाकाच्या खुर्चीतल्या मुलालाही चिखल हवा असतो, हे त्यांनी ओळखलं होतं. एका जपानी दांपत्याने त्यांचं पुस्तक जपानीत आणलं आणि त्या धाग्यातून १९७९ साली टोकियोच्या सेतागाया भागात हानेगी हे मैदान सुरू झालं. तिथे आजही मुलं शेकोटी पेटवतात, करवत चालवतात, छपरावरून उड्या मारतात. रहिवासी आणि स्थानिक शासन मिळून ते चालवतात. आपल्या जबाबदारीवर खेळा, अशा अर्थाचा फलक तिथे आहे. आपल्या बागांतल्या मनाईच्या फलकांशेजारी तो ठेवून पाहावा.

या सगळ्याला शोभा नाही, शिस्त नाही, आमच्या सोसायटीत हे चालायचं नाही, असं म्हणणाऱ्यांना मी अ‍ॅम्स्टरडॅमला नेते. अल्डो व्हॅन आइक हा तरुण वास्तुरचनाकार तिथे महापालिकेत कामाला होता. १९४७ मध्ये त्याने बर्टेलमनप्लाइन या छोट्या चौकात पहिली खेळाची जागा केली. रुंद काठाचा वाळूचा हौद, वाळूत काही दगड, कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, झाडं, बाकं. बस्स. रहिवाशांकडून मागण्या येत गेल्या, आमच्या गल्लीतही करा म्हणून, आणि १९७८ पर्यंत अशा सातशेहून अधिक जागा झाल्या. दोन इमारतींमधली फट, पाडलेल्या घराचा रिकामा तुकडा, रस्त्याचा कोपरा, जे मिळेल ते. त्याच्या वस्तू कशासारख्याच दिसत नाहीत. दांड्यांचा घुमट आहे, तो इग्लू नाही, किल्ला नाही, हत्ती नाही. म्हणून तो सकाळी जहाज होतो आणि संध्याकाळी तुरुंग. हौदाचा काठ रुंद का, याचं उत्तर पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यावर आई बसते, त्यावर वाळूच्या भाकऱ्या मांडल्या जातात, त्यावरून तोल सावरत एक फेरी मारता येते. आपल्याकडे हौदाला चार इंचाची विटेची कड असते.

मुलांची कल्पनाशक्ती म्हटलं की मोठ्यांच्या डोळ्यांपुढे फायबरचा राजवाडा येतो. छत्रीच्या आकाराचं छप्पर, कार्टूनमधली माणसं, रंगीत बुरूज. या बाबतीत मुंबईच्या कमला नेहरू पार्कमधल्या म्हातारीच्या बुटाचा मी पुष्कळ विचार केला आहे. १९५० च्या दशकापासून मराठी मुलांच्या पिढ्या मलबार हिलवर त्या बुटासाठी गेल्या. बूट आला एका इंग्रजी बालगीतातून. तो पाहायला आलेल्या गिरगावच्या किंवा सोलापूरच्या मुलाला त्या गीतातल्या म्हातारीशी काही देणंघेणं नव्हतं. तरी तो त्याला का आवडला? मी लहानपणी आत गेले तेव्हाचं मला आठवतं ते असं. आत अंधार होता, जिना अरुंद होता, आणि वर गेल्यावर खिडकीतून खाली उभे असलेले आईबाबा लहान दिसत होते. बूट नसून माठ असता तरी मला तितकाच आवडला असता. मोठ्यांनी गोष्ट बांधली होती. मुलांनी त्यातला अंधार, जिना आणि खिडकी तेवढी उचलली. फायबरच्या राजवाड्यात नेमकं हेच तीन नसतं. तो बाहेरून राजवाडा असतो, आत काही नसतं.

सुट्या वस्तूंची बाजू ब्रिटनच्या सायमन निकल्सन यांनी १९७१ साली एका लेखात मांडली. हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितकं मुलांना सुचतंही जास्त. आपल्याला हे समजायला लेख लागू नये. दरवर्षी दिवाळीच्या आधी महाराष्ट्रातली मुलं हेच करतात. विटा, दगड, गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, अळिवाची पेरणी, हिरवळ उगवेपर्यंत दिवसातून चार वेळा पाणी. तटबंदी कुठून कुठे न्यायची यावर भांडणं, मावळे कुठे आणि तोफा कुठे यावर त्याहून मोठी भांडणं. किल्ल्याला आराखडा नसतो, ठेकेदार नसतो, आणि तो बहुतेक कधी पूर्ण होत नाही, कारण पाडव्याच्या दिवशीही कुणाला तरी अजून एक विहीर खणायची असते. एमड्रुपमध्ये जे वर्षभर चालत होतं, ते आपल्या वाड्यांत आणि चाळींत पंधरा दिवस चालत आलं आहे. आता तयार किल्ले विकत मिळतात. ते विकत आणणाऱ्या आईबापांना मी दोष देत नाही. फ्लॅटमध्ये माती आणायची कुठून, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. पण मग सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक न घातलेला, मातीचा एक तुकडा मागायला हवा. पुस्तकातलं मातीवरचं प्रकरण वाचून निदान दहा सोसायट्यांनी तेवढं केलं, तर मला हे लिहिल्याचं सार्थक वाटेल.

गणपतीच्या आधी मांडवाचे बांबू उभे राहतात, त्या दोन दिवसांत लेखिकांनी एका पेठेत बसून नोंदी केल्या आहेत. त्या मला पुस्तकात सर्वांत आवडल्या. कापड चढायच्या आधीचा मांडव हे मुलांसाठी गावातलं सर्वोत्तम खेळाचं साधन असतं. कुणीही ते मुलांसाठी म्हणून उभारलेलं नसतं.

आता धोक्याबद्दल. पालकसभेत पहिला प्रश्न हाच येतो आणि तो टाळून चालत नाही. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी २००७ साली मुलांच्या धाडसी खेळांचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धारदार हत्यारं, आगीपाण्याची जवळीक, झोंबाझोंबी, आणि मोठ्यांच्या नजरेआड होणं. वाचताना मला वडाच्या पारंब्या दिसल्या. सूरपारंब्यांत उंची आहे, कबड्डीत झोंबाझोंबी, लपंडावात नजरेआड होणं. म्हणजे ज्याला आपण धोका म्हणून काढून टाकायला निघालो आहोत, तो खेळाचा गाभाच आहे. मूल तो स्वतः मोजतं. तिसऱ्या फांदीवर थांबतं, आणि चौथ्या दिवशी चौथ्या फांदीवर जातं.

मुलाला मोजता येत नाही असा धोका वेगळा, आणि आपल्या बागा त्यानेच भरल्या आहेत. झोक्याखाली पेव्हर ब्लॉक. गंजून आतून पोकळ झालेला खांब, वरून नवा ऑइलपेंट मारलेला. बाहेर आलेला बोल्ट, नेमका फ्रॉक अडकेल त्या उंचीवर. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याच्या घसरगुंडीवर एकदा हात टेकवून पाहा. घसरगुंडीचं तोंड कुठे आहे आणि तिच्यावर सावली कधी येते, हा विचार कुणीच केलेला नसतो. या धोक्यांवर कुणी सभा घेत नाही, मूल झाडावर चढलं की मात्र वॉचमन शिट्टी मारतो. लेखिकांनी या लपलेल्या धोक्यांची तपासणी कशी करावी ते बारकाईने दिलं आहे. वाळूच्या हौदावर रात्री ताडपत्री घालण्यापासून, म्हणजे कुत्रीमांजरं येत नाहीत, ते पावसाळ्यात पाणी अडवायला आणि सोडायला मुलांना अर्धे पाइप देण्यापर्यंत. आपल्याकडे चार महिने पाऊस. त्या चार महिन्यांत बागेला कुलूप लावण्यापेक्षा पागोळ्यांनाच खेळात घ्यावं, हा त्यांचा सल्ला मला शंभर टक्के पटला.

एका प्रकरणाबद्दल मात्र मला त्यांच्यापेक्षा थोडं जास्त कडक बोलायचं आहे. मुलांना विचारून मैदान केलं, असं म्हणताना कोणत्या मुलांना विचारलं? आपल्या गावातलं मैदान संध्याकाळी पाहा. मधोमध क्रिकेट, आणि दहाअकरा वर्षांवरच्या मुली कट्ट्यावर, नाहीतर घरी. त्यांना खेळायचं नसतं असं आपण धरून चालतो. व्हिएन्ना शहराने नव्वदच्या दशकात पाहणी करून पाहिली. साधारण नऊदहा वर्षांनंतर मुली बागांतून दिसेनाशा होतात, असं आढळलं. तिथल्या नगररचनाकारांनी दोन बागा १९९९ साली नव्याने आखल्या. एकच मोठं मोकळं मैदान होतं, त्याचे छोटे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, मुलींना आवडणाऱ्या खेळांना जागा दिली. मुली परत आल्या. कुणालाही हाकलावं लागलं नाही. नकाशावरच्या चार रेषा बदलल्या. हे आपल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात जमण्यासारखं आहे आणि त्याला फार पैसाही लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत ३१ वं कलम खेळण्याच्या हक्काचं आणि १२ वं कलम मुलांचं म्हणणं ऐकून घेण्याचं आहे. भारताने १९९२ साली ती मान्य केली. त्याच वर्षी रॉजर हार्ट यांनी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यांच्या मते खालच्या तीन पायऱ्या सहभाग नव्हेतच. मुलांना पुढे करून मोठ्यांनी आपलं म्हणणं रेटणं, शोभेसाठी त्यांना उभं करणं, आणि नावापुरतं विचारणं. उद्घाटनाला फुगे धरून उभी केलेली मुलं मी इतक्या वेळा पाहिली आहेत, की या तीन पायऱ्या ओलांडणं हेच निम्मं काम आहे, असं मला वाटतं.

तर मावळातल्या शाळेचं पुढे काय झालं, ते सांगते. वाळू परत आणली. गावातल्याच एका गवंड्याने टाकीमागे हौद बांधला, रुंद काठाचा. बांबू, सुतळी, जुने टायर, गोणपाट आले. ते ठेवायला एक पत्र्याची पेटी, आणि किल्ली सातवीच्या दोन मुलींकडे. सामान चोरीला जाईल असं सगळे म्हणाले होते. काही गेलंही. सुतळी सर्वांत जास्त.

मग आम्ही पुन्हा एकदा चित्रं काढायला दिली. या खेपेला झोका कुणी काढला नाही असं नाही. पण चौथीतल्या एका मुलीने दार काढलं होतं. नुसतं दार. भिंत नाही, छप्पर नाही. मी तिला म्हटलं, "अगं, घर राहिलं की तुझं." ती म्हणाली, "बाई, घर आम्ही करू. दार आमच्याच्यानं होत नाही."

पडलेल्या एका घराची चौकट आणि फळी मिळाली. सुताराने फळी तासून दिली, बिजागरीच्या बाजूला बोट अडकणार नाही इतकी फट ठेवली, चौकट काँक्रीटमध्ये घट्ट रोवली. शाळेच्या आवारात मधोमध एक दार उभं राहिलं, आणि दोन्ही बाजूंना आकाश. पहिल्याच आठवड्यात ते एसटीचं दार झालं, कंडक्टरसकट. मग किराणा दुकान, पोलीस चौकी, विठ्ठलाचं देऊळ, दवाखाना. बांबू आणि गोणपाटांनी त्याला पाठीमागून कधी एक खोली जोडली जायची, कधी तीन. दार बंद असलं की बाजूने वळसा घालून कुणी आत येत नसे. आत यायचं असेल तर कडी वाजवावी लागे. शिक्षकांनासुद्धा.

महिन्याने गेले तेव्हा मुलांची एकच तक्रार होती. कडी बाहेरून होती. सुताराला पुन्हा बोलावलं आणि आतूनही एक बसवून घेतली.